दागिना मुशीच्या बाजूनं पाहावा

सोनाराच्या पेढीतला केर कचराकुंडीत जात नाही. दिवसभर कानस चालते, तार ओढली जाते, पत्रा कापला जातो आणि डोळ्यांना न दिसणारे कण बाकाच्या फटीत, चटईच्या विणीत, हात धुतलेल्या पाण्याच्या तळाशी साचत राहतात. हा केर पोत्यात राखून ठेवतात आणि झारेकऱ्याला विकतात. तो केर जाळतो, राख पाण्यात घोळतो, हलकं वाहू देतो, जड तेवढं परातीच्या तळाशी ठेवतो. राखेत लपलेलं सोनं गोळा करायला पारा वापरायची रीतही जुनी आहे. सराफ कट्ट्यावरच्या गटारातला गाळसुद्धा या लोकांनी वर्षानुवर्षं घोळला आहे.

ज्या धातूची धूळही कोणी टाकत नाही, तो धातू घेताना आपण मात्र फक्त नक्षी पाहतो. काचेच्या कपाटात, पिवळ्या दिव्याखाली, मखमली गादीवर दागिना समोर येतो आणि नजर तिथंच अडकते. तो उलट्या बाजूनं, मुशीकडून पाहावा. मूस म्हणजे सोनं आटवायचं भांडं. उद्या हा दागिना मोडायची वेळ आली तर मुशीत किती सोनं उरेल, त्या सोन्याबरोबर आणखी काय काय जळून जाईल, आणि ही वेळ किती वर्षं लांबवता येईल, हे तीन प्रश्न मनात धरून दुकानाची पायरी चढलं, की बाकीचं बरंचसं आपोआप सुटतं. त्यातला तिसरा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. तो विचारायला मात्र माणसं विसरतात.

मंगळसूत्र घेऊ, कारण घरोघरी पहिली मोठी खरेदी तीच असते. दोन वाट्या, मधले सोन्याचे मणी, काळे मणी, मागची साखळी किंवा नुसती कडी. काट्यावर सगळं मिळून भरलं २२ ग्रॅम. हे झालं ढोबळ वजन. त्यात काळे मणी ४ ग्रॅम असतील तर निव्वळ सोनं १८ ग्रॅम. २२ कॅरेटचा भाव हिशेबाच्या सोयीसाठी ग्रॅमला १०,००० रुपये धरला, तर सोन्याचे झाले १,८०,०००. घडणावळ १२ टक्के म्हणजे २१,६००. बेरीज २,०१,६००. त्यावर ३ टक्के जीएसटी ६,०४८. हॉलमार्कचे एका नगाचे ४५ रुपये आणि त्यावरचा कर धरून ५३ रुपये १० पैसे. हाती पडणारं बिल २,०७,७०१ रुपयांचं.

आता तेच मंगळसूत्र दुसऱ्या दिवशी मोडायला नेलं असं समजा. भाव तोच. घडणावळ आणि कर परत मिळत नाहीत. सराफानं २ टक्के बट्टा कापला तर हातात येतील १,७६,४००. एका रात्रीत ३१ हजारांवर रुपये गेले, म्हणजे दिलेल्या रकमेच्या जवळजवळ १५ टक्के. यात कोणी फसवलं नाही, सगळं रीतसर आहे. घडणावळ हा कारागिराच्या हाताचा मोबदला आहे आणि तो द्यायलाच हवा. पण दर तीन-चार वर्षांनी ‘फॅशन जुनी झाली’ म्हणून मोडून नवं घेणाऱ्याला हा १५ टक्क्यांचा फटका प्रत्येक वेळी बसतो, हे बिल हातात असताना एकदा मांडून पाहावं.

फसगत होते ती काळ्या मण्यांच्या जागी. ते ४ ग्रॅम सोन्याच्या भावात तोलले गेले तर सोन्याचे ४०,०००, त्यावर घडणावळ, त्यावर कर, असे ४६,१४४ रुपये काचेच्या मण्यांना जातात. म्हणून बिलावर तीन आकडे वेगवेगळे लिहून मागावेत: ढोबळ वजन, खडे, मणी आणि आत भरलेली लाख यांचं वजन, निव्वळ सोन्याचं वजन. शक्य असेल तर वाट्या आणि सोन्याचे मणी आधी तोलून घ्यावेत आणि मग गाठवायला द्यावेत. काट्याचं तबक रिकामं असताना शून्य दिसतं का, डोक्यावरचा पंखा चालू आहे का, हेही पाहावं. मिलिग्रॅम दाखवणारा काटा वाऱ्यानंही हलतो.

घडणावळीत आणखी एक गोष्ट मिसळलेली असते, ती म्हणजे घट. ‘ताई, घडताना सोनं झडतं, घट धरावीच लागते,’ हे वाक्य खरं आहे. कानशीखाली सोनं झडतंच. पण झडलेलं कुठं जातं ते आपण वर पाहिलं. हातानं केलेल्या बारीक कामात घट जास्त, यंत्रावर ओतलेल्या किंवा ठोकलेल्या दागिन्यात अगदी कमी. म्हणून यंत्रावरच्या साध्या साखळीला घट आणि घडणावळ वेगवेगळ्या लावल्या असतील तर विचारावं. तुशी, वज्रटीक, चिंचपेटी अशा हातकामाला मात्र घासाघीस करताना हात आखडावा. ते काम करणारी बोटं आता कमी उरली आहेत.

शुद्धतेचं पाहणं आता पूर्वीपेक्षा सोपं आहे. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं जिल्हे जोडत सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या नगाचा स्वतःचा ओळख क्रमांक, असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. दागिन्यावर तीन खुणा असतात: भारतीय मानक ब्युरोचं त्रिकोणी चिन्ह, कॅरेट आणि कस (२२के९१६, १८के७५०, १४के५८५ असा; ९१६ म्हणजे हजार भागांत ९१६ भाग शुद्ध सोनं), आणि तो एचयूआयडी. खुणा इतक्या बारीक असतात की साध्या डोळ्यांना खरचटल्यासारखं दिसतं. दहा पट मोठं दाखवणारं भिंग दुकानात असायलाच हवं, ते मागावं. मग बीआयएस केअर ॲप उघडून ती सहा अक्षरं टाकावीत. सराफाचं आणि तपासणी केंद्राचं नाव, तारीख, कस आणि दागिन्याचा प्रकार समोर येतो. माणसं कस पाहतात आणि ॲप बंद करतात. खरं तर प्रकार पाहायचा. हातात साखळी आहे आणि ॲप ‘अंगठी’ म्हणतंय, तर तो आकडा दुसऱ्या दागिन्यावरून उचललेला असू शकतो. मंगळसूत्रात साखळी आणि वाट्या वेगळे नग असतील तर दोन्हींवर खूण आहे का तेही पाहावं. कडीवरची खूण वाट्यांची हमी देत नाही.

हॉलमार्क असूनही कस कमी निघाला, तर नियमात भरपाई आहे. शुद्धतेत जेवढी तूट, तिच्या किमतीच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च. १८ ग्रॅमचा दागिना ९१६ म्हणून घेतला आणि तो ८७५ निघाला, तर तूट पाऊण ग्रॅमच्या आत-बाहेर, आणि भरपाई साधारण दीड ग्रॅम शुद्ध सोन्याची. हे मागायचं तर बिल हवं. ‘कच्चं बिल घ्या, कर वाचेल’ या बोलण्याला भुलणारा माणूस ३ टक्के वाचवून हा सगळा हक्क सोडून देतो. दोन ग्रॅमच्या आतले दागिने आणि कुंदन, पोलकी, जडाव यांना हॉलमार्कची सक्ती नाही. तिथं तर लेखी तपशील हाच एकमेव आधार, कारण जडावात सोन्याइतकीच लाख आणि काचही असते.

जुन्या सोन्याबद्दल घरात एक हळवी समजूत असते: आजीच्या वेळचं सोनं म्हणजे चोख. बहुतेक वेळा आजीला दिलेला पत्रा खरंच चांगला होता. कमी पडायचा तो डाक. दोन तुकडे जोडायला जे सोनं वितळवून लावतात ते मूळ सोन्यापेक्षा कमी उष्णतेला वितळावं लागतं, नाहीतर जोड बसण्याआधी दागिनाच पाघळेल. म्हणून त्यात तांबं-चांदी जास्त घालायची. पाटलीत असे दोन-चार जोड, त्यामुळे फरक किरकोळ. पण गोफ, साखळी, मोहनमाळ यांत शेकडो कड्या आणि तितकेच जोड. अशी साखळी आटवली की २२ कॅरेटचं म्हणून घेतलेलं सोनं ८५ टक्क्यांच्या आसपास उतरलं, तर त्यात नवल नाही.

यावर उपाय म्हणून कॅडमियमचा डाक आला आणि ‘केडीएम’ हा शब्द पाट्यांवर चढला. ९२ भाग सोनं, ८ भाग कॅडमियम. जोडाचाही कस टिकतो, म्हणून गिऱ्हाईक खूश. पण कॅडमियम ३२१ अंशांना वितळतं आणि फुंकणीच्या ज्वाळेत त्याची वाफ होते. ती वाफ कारागिराच्या फुप्फुसात जाते, मूत्रपिंडं निकामी करते. आपल्या गळ्यातल्या दागिन्याचा कस त्याच्या श्वासातून आला होता. आजच्या हॉलमार्कच्या मानकांत कॅडमियम चालत नाही. तरीही कोणी ‘केडीएम आहे, एकदम शुद्ध’ असं कौतुकानं सांगत असेल, तर ती शुद्धतेची खूण नव्हे, जुन्या चुकीचं नाव आहे हे ओळखावं.

मोड द्यायची वेळ आली की क्रम सांभाळावा. आधी खडे, मोती, धागा, लाख काढून घ्यायची आणि मग वजन. त्यानंतर कॅरेटमीटर. हे यंत्र क्ष-किरणांनी कस सांगतं, पण त्याची नजर केसाच्या जाडीइतकीही खोल जात नाही. वर चांगलं पॉलिश असेल तर ते जास्त सांगेल, डाकावर नेम धरला तर कमी. म्हणून दोन-तीन ठिकाणी लावायला सांगावं. रक्कम मोठी असेल तर समोर आटवून घ्यावं. मुशीत दागिना जातो, वर चिमूटभर टाकणखार पडतो, मळ आणि लाख धूर होऊन जातात, आणि ओतल्यावर लहानशी लगड हातात येते. तिचं पुन्हा वजन, तिच्यावर पुन्हा कॅरेटमीटर. आधीच्या आणि नंतरच्या वजनातला फरक सोनाराला विचारावा. भरीव बांगडीत तो नगण्य हवा, बोरमाळेसारख्या लाखेच्या मण्यांत बराच निघेल. मोड द्यायच्या आधी स्वतंत्र खात्री हवी असेल, तर मान्यताप्राप्त तपासणी केंद्रात सामान्य ग्राहकाला चार दागिन्यांपर्यंत २०० रुपये आणि कर एवढ्यात कस तपासून मिळतो. एवढ्या पैशात एवढी निश्चिंती दुसरीकडे मिळत नाही.

ही लगड पुढं कुठं जाते? बऱ्याचदा मराठी माणसाकडेच. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यातली कुटुंबं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. केरळपासून कोलकात्यापर्यंत सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत याच पट्ट्यातल्या विट्याच्या बाजूचा माणूस भेटतो. जुन्या पद्धतीनं तो या लगडीत मुद्दाम आणखी चांदी मिसळतो, इतकी की सोनं एक चतुर्थांशावर यावं. सोनं जास्त राहिलं तर ते चांदीभोवती कवच धरून बसतं आणि ॲसिड आत शिरत नाही. वितळलेला रस पाण्यात ओतून त्याचे दाणे करतात आणि नायट्रिक ॲसिडमध्ये उकळतात. चांदी-तांबं विरघळतं, तळाशी राहते तपकिरी, मातीसारखी दिसणारी भुकटी. तेच चोख सोनं. धुऊन पुन्हा आटवलं की पिवळं होतं. उरलेल्या द्रावणात तांब्याचे पत्रे बुडवले की विरघळलेली चांदी करड्या साक्यासारखी खाली बसते आणि वर निळसर पाणी राहतं.

हे होत असताना भांड्यातून लालसर-तपकिरी वाफ उठते. ती नायट्रोजन डायऑक्साइड. धुराडं उंच हवं, वाफ पाण्यातून धुऊन सोडणारी यंत्रणा हवी, आणि निळं पाणी थेट गटारात जाता कामा नये. आठ बाय दहाच्या खोलीत, खिडकी लावून हे काम केलं की काय होतं, ते त्या माणसांचा खोकला सांगतो. म्हणून जुनं सोनं मोडून नवं करणं हे नव्या सोन्यापेक्षा कितीतरी पटीनं बरं असलं, तरी फुकटचं पुण्य नाही. जेवढं कमी वेळा आटवू तेवढं बरं.

कितीतरी पटीनं बरं का, ते खाणीत कळतं. जगातल्या अनेक मोठ्या खाणींत टनभर खडकात एक ते पाच ग्रॅम सोनं मिळतं. वरच्या १८ ग्रॅमच्या मंगळसूत्रात शुद्ध सोनं साडेसोळा ग्रॅम. टनाला २ ग्रॅम धरलं तरी आठ टनांवर खडक फोडून, दळून, सायनाइडच्या द्रावणातून काढावा लागतो. कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाली, पण सायनाइडनं धुतलेल्या मातीचे डोंगर तिथं उभे आहेत. वारा सुटला की ती माती वस्तीवर येते. आपल्याकडे आता मुख्यतः रायचूर जिल्ह्यातली हट्टीची खाण उरली आहे. देशाच्या भुकेपुढं तिचं सोनं चिमूटभर, बाकीचं बाहेरून येतं. बाहेरच्या लहान लहान खाणींत पाऱ्यानं सोनं पकडतात आणि पारा उघड्यावर जाळतात. जगभरात माणसाच्या हातून हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सर्वांत मोठा वाटा याच कामाचा आहे. तो आवरण्यासाठी झालेला मिनामाटा करार २०१७ पासून लागू आहे.

यावर तोडगा म्हणून फेअरट्रेड, फेअरमाइन्ड अशी प्रमाणपत्रं परदेशात मिळतात. आपल्या सराफाकडे ती क्वचितच दिसतील. ‘रीसायकल्ड सोनं’ अशी पाटी कुठं दिसली तर एवढं लक्षात ठेवावं, की आटवलेल्या सोन्याला गाव राहत नाही. ते खाणीतून परवा आलं की पणजीच्या हातातल्या गोठातून, हे कोणतीही प्रयोगशाळा दागिना पाहून सांगू शकत नाही. कागद असेल तर तो पाहावा, नसेल तर शब्दाला किंमत नाही. उगम पक्का ठाऊक असलेलं सोनं आपल्याकडे एकच, घरातल्या डब्यातलं. मोडायचंच तर लगडीचा कस पाहून त्याच सोन्याचा दागिना घडवून देणारा सोनार शोधावा. मोठ्या दुकानात सहसा जुनं सोनं जमा होतं आणि समोर येतो तो शोकेसमधला तयार दागिना.

मुशीच्या बाजूनं पाहिलं की घडणीतले दोषही दिसतात. पोकळ बांगडी मोठी दिसते, वजन कमी, खिशाला बरी. पण तिला पोचा पडला की आतून ठोकायला जागा नाही. हल्लीचे ‘हार्ड गोल्ड’ म्हणून विकले जाणारे नग विजेच्या प्रवाहानं साच्यावर थर चढवून करतात. भिंत पातळ, आत पोकळ, आणि फुटलं तर साधा डाक देऊन जोडणं अवघड. घडणावळ मात्र सगळ्यांत जास्त. रोज अंगावर राहणारा दागिना भरीव, कमी जोडांचा आणि उघडता येईल असा असावा. खड्यांच्या अंगठीला २२ कॅरेटचा हट्ट नको. मऊ सोन्याच्या पकडी वाकतात आणि खडा पडतो. तिथं १८ किंवा १४ कॅरेटच बरं, फक्त भाव त्या कसाचाच लावून घ्यावा. २४ कॅरेटचा भाव ग्रॅमला १२,००० असेल तर १८ कॅरेटचा ९,०००, त्यापेक्षा जास्त का, हे विचारावं.

हिऱ्याचं थोडक्यात. इथं कॅरेट हे कसाचं नव्हे, वजनाचं माप: एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, ते ढोबळ वजनातून वजा व्हायला हवं. प्रयोगशाळेत वाढवलेला हिराही खरा हिराच असतो आणि दुकानातल्या साध्या परीक्षक पेनाला तो खाणीतल्या हिऱ्यापासून वेगळा ओळखता येत नाही. म्हणून प्रमाणपत्र आणि हिऱ्याच्या कडेवर कोरलेला क्रमांक जुळवून पाहावा. तो वाढवायला भरपूर वीज लागते, तेव्हा ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द ती वीज कोळशाची की उन्हाची, यावर ठरतो. परत विकायला गेलं तर हाती फारसं काही येत नाही, हेही धरून चालावं.

चांदीत कसाला टंच म्हणतात. हुपरीच्या पैंजणांची कारागिरी देखणी, पण पैंजण घेताना टंच किती ते बिलावर लिहून घ्यावं. नाहीतर घेताना भाव चांदीचा आणि विकताना ‘६० टंच निघाली’ असं ऐकावं लागतं. चांदी काळी पडली म्हणून ती खोटी ठरत नाही, हवेतल्या आणि घामातल्या गंधकानं शुद्ध चांदीही काळवंडते. सप्टेंबर २०२५ पासून चांदीलाही एचयूआयडीचा हॉलमार्क ऐच्छिक स्वरूपात मिळू लागला आहे. तो असलेला नग आधी पाहावा. एक ग्रॅमचे म्हणून मिळणारे दागिने हे पितळ-तांब्यावरचा मुलामा. त्यांना मोड नाही, दुरुस्ती नाही, आणि आत निकेल असेल तर कान पिकतात.

आणि एक वस्तू घेऊच नये: सोन्यात मढवलेलं वाघनख. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे, मग विकणारा ते कितीही जुनं सांगो. खोटी नखं विकणाऱ्यांचा बाजार मोठा, आणि एखादं खरं असेल तर त्यामागं मेलेला वाघ आहे.

आता तो तिसरा प्रश्न. मूस लांबवायची कशी? वर्षातून एकदा मंगळसूत्राच्या साखळीची कडी उजेडात धरून पाहावी. जिथं कडीवर कडी घासते तिथं ती आतल्या बाजूनं झिजून धाग्यासारखी होते. तुटण्याआधीच ती बदलली तर काम अर्ध्या तासाचं. दुरुस्तीला देताना वजन लिहून द्यावं, परत घेताना पुन्हा तोलावं, आणि डाक त्याच कसाचा लावायला सांगावं. लेझरनं जोडणारा जवळ असेल तर आणखी बरं, डाक लागतच नाही. सारखा उजाळा देऊ नये. आम्लाच्या उजाळ्यात दर वेळी सोन्याची साय निघून जाते. कोमट पाण्यात रिठे भिजवून, मऊ ब्रशनं हलक्या हातानं घासलं की मळ निघतो. लाखेचे मणी आणि मोत्यांची नथ मात्र त्या पाण्यातही बुडवू नये. लाख सुटते, मोत्याची झळाळी जाते.

तुशी, बोरमाळ, पुतळ्यांची माळ यांचा धागा घामानं कुजतो. मागचा गोंडा चिकट, काळपट दिसू लागला की समजावं, आतला दोराही तसाच झाला आहे. पटवेकऱ्याकडे ती सोन्याला हात न लावता नव्या रेशमात गाठवून मिळते. तो आधी मणी मोजतो, आपणही त्याच्यासमोर मोजावेत, आणि संख्या पावतीवर लिहून घ्यावी.